संयुक्त महासंख्या

१ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज आणखी विभाजक असलेली, पण आकाराने इतकी मोठी नैसर्गिक संख्या की साध्या भागाकाराने तिचे अवयव हाती लागत नाहीत. अशी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध करणे आणि तिचे अवयव शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले बहुधा जमते, दुसरे पुष्कळदा अडून राहते.

लहान संख्यांत हा फरक जाणवत नाही. बेळगावचा पिनकोड ५९०००१ घ्या. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो. निपाणीच्या ५९१२३७ ची बेरीज २७, म्हणजे ९ नेही जातो. खानापूरचा ५९१३०२ तर समच आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेतली मुले हे तोंडी सांगतात, आणि संख्या संयुक्त आहे म्हणताना तिचा अवयवही त्याच दमात देतात.

२ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मात्र वेगळी निघाली. ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी २१ अंकी आहे. भास्कराचार्यांनी दिलेली दशमान स्थानांची नावे १८ व्या स्थानी, परार्धावर संपतात. ही त्याही पलीकडची. अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ ने भाग जात नाही. मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या म्हणून नोंदवली. १८७६ मध्ये ल्यूका यांनी ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण एकही अवयव न देता! अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही मूळ संख्या आहेत, त्यामुळे एवढ्या अवाढव्य संख्येला एकूण विभाजक चारच. शिवाय या दोन्ही अवयवांतून १ वजा केल्यास १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, पूर्ण भाग जातो. हा योगायोग नाही. २ चा विषम मूळ संख्येइतका घात वजा १ अशा रूपातल्या संख्यांच्या अवयवांवर हे बंधन असतेच, आणि त्यामुळे शोधाचे क्षेत्र खूप आकुंचित होते.

अवयव न शोधता निर्णय कसा लागतो, याची सर्वांत सोपी वाट फर्मा यांच्या प्रमेयातून जाते. संख्या विषम आणि मूळ असेल, तर तिच्याहून १ ने कमी इतका २ चा घात घेऊन त्याला तिनेच भागल्यास बाकी १ उरते. ९१ साठी २ चा ९० वा घात घेतला की बाकी ६४ येते. तेव्हा १३ चा पाढा न आठवताही ९१ संयुक्त ठरते. उलट बाजूने ही कसोटी विश्वासार्ह नाही: ५६१ म्हणजे ३ × ११ × १७, तरीही बाकी १ येते.

२ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही ३,१५,६५३ अंकी संख्या संयुक्त असल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा एकही मूळ अवयव अद्याप सापडलेला नाही.

या अडचणीचा उपयोग रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये करून घेतला. त्यांच्या आरएसए कूटलेखनात, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो, त्या दोन संख्या गुप्त. बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशाखेचे विद्यार्थी ही पद्धत शिकतात. अशा संख्यांपैकी २५० अंकी आरएसए-२५० चे अवयव २०२० मध्ये पाडले गेले. ६१७ अंकी आरएसए-२०४८ अजून अभेद्य आहे.