किट कार: सुट्या भागांची जुळवाजुळव आणि आधीचं नियोजन

किट कार म्हणजे कारखान्यातून तयार होऊन न येता सुट्या भागांच्या रूपात घरी येणारी आणि मालकाने स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडलेली गाडी. किट बनवणारी कंपनी साधारणपणे चासी म्हणजे सांगाडा, फायबरग्लासची बॉडी आणि काही खास ब्रॅकेट आणि विशबोन (चाक सांगाड्याला जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) देते. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअर), ब्रेक, स्टिअरिंग कॉलम, वायरिंग हे बाकीचं सगळं बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतात, त्या गाडीला डोनर म्हणतात. प्रत्यक्ष जोडणीबद्दल सगळे भरभरून बोलतात, पण गाडी पूर्ण होणार की ताडपत्रीखाली पडून राहणार हे बरंचसं त्याच्या आधीच ठरतं, पार्ट कुठल्या क्रमाने घेतले आणि कागद कसे जपले यावर. म्हणून या नोंदीत मुख्यतः त्या तयारीबद्दल आहे, आणि उदाहरण घेतलंय ब्रिटनचं, कारण हा छंद सगळ्यात खोल रुजलाय तो तिथे.

तिथे याची सुरुवात टॅक्समधून झाली. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने सेव्हन नावाची दोन सीटची अगदी हलकी गाडी आणली, तयार गाडीवर तेव्हा पर्चेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांवर लागायचा नाही, त्यामुळे सेव्हन किट म्हणून विकली जायची. सोबत जोडणीच्या सूचना देता येत नव्हत्या, म्हणून कंपनी गाडी खोलायच्या सूचना द्यायची आणि लोक त्या उलट्या क्रमाने वाचायचे, असं सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि हा फायदा संपला, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही किट म्हणून मिळते. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं कमी पैशात घरी स्पोर्ट्स कार बनवायचं पुस्तक आलं आणि चासीसुद्धा चौकोनी पाइपातून स्वतःच वेल्ड करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली, त्या गाड्यांना लोकॉस्ट म्हणतात.

डोनर गाडी

आधी फोर्ड एस्कॉर्ट, मग फोर्ड सिएरा आणि आता बऱ्याच किटना माझ्दा एमएक्स-५ असा डोनरचा प्रवास आहे. कारण सरळ आहे, सेव्हनसारख्या गाडीला इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना असं लागतं, आणि साध्या घरगुती गाड्या जशा फ्रंट व्हील ड्राइव्ह होत गेल्या तसा असा माल दुर्मिळ झाला. एमएक्स-५ १९८९ मध्ये आली, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, खप भरपूर, आणि मुख्य म्हणजे ब्रिटनच्या ओल्या हवेत आणि रस्त्यावरच्या मिठात तिच्या दाराखालच्या सिल आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजतात पण इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत राहतात. म्हणजे बॉडी गेलेली आणि आतला माल चांगला अशी गाडी स्वस्तात मिळते, किट बनवणाऱ्याला आणखी काय पाहिजे!

डोनर शक्यतो चालू स्थितीतली आणि पूर्ण घ्यावी. चालवून बघता येते, गिअर अडकतोय का, डिफरन्शियल घुं करतंय का, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतंय का हे खोलायच्या आधीच कळतं, नाहीतर चार ठिकाणांहून चार पार्ट आणायचे आणि गाडी जोडून झाल्यावर त्यातला कुठला खराब ते शोधत बसायचं. आणि एकाच गाडीचे पार्ट एकमेकांना बसतात. एमएक्स-५ चंच बघा ना, सुरुवातीच्या १.६ लिटरच्या गाडीचं डिफरन्शियल लहान आणि १.८ चं मोठं, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टही वेगळे, ब्रेकही वेगळे, नुसतं एमएक्स-५ चं आहे एवढ्यावर उचललेला पार्ट बसेलच असं नाही. शिवाय या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब अल्युमिनियमची फ्रेम असते, काही किटमध्ये ती तशीच ठेवतात आणि काहींमध्ये ती काढून गिअरबॉक्सला वेगळं माउंटिंग द्यावं लागतं. किट कंपनीला असले प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचे, कुठलं वर्ष, कुठलं इंजिन, कुठले पार्ट तुमच्या किटला चालतात आणि कुठले तुम्ही देत नाही, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

जागेचा विचार तर फार लोक करतच नाहीत. एका गाडीच्या गॅरेजमध्ये डोनर आणि नवीन चासी एकाच वेळी राहत नाहीत, म्हणून डोनर खोलून, लागणारा माल फडताळावर लावून, उरलेले पार्ट विकून आणि रिकामी बॉडी बाहेर घालवून मगच चासी आणावी. हार्डटॉप, दारं, सीट, डिकीचं झाकण यांना गिऱ्हाईक असतं आणि त्यातून डोनरच्या किमतीतले बरेच पैसे सुटू शकतात. फक्त एक सांभाळायचं, डोनर पूर्ण गाडी म्हणून मोडीत देऊन तिचं सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन निघालं की कागदोपत्री ती गाडी संपली, मग तिच्या ओळखीवर नवीन गाडीची नोंदणी मागणं अवघड होऊन बसतं.

खोलणं, पिशव्या आणि आटे

खोलताना प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने काय आणि कुठलं ते लिहायचं आणि सोडवायच्या आधी फोटो काढायचा. वायरिंगला कात्री लावायची नाही. प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच नंबर लिहायचा आणि अख्खी लूम म्हणजे वायरींचा जुडगा एका तुकड्यात बाहेर काढायची, कापायचं ते इंजिन नवीन चासीत सुरू झाल्यावर. इमोबिलायझर (चोरी टाळायला खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या मॉडेलमध्ये ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किल्ली आणि किल्ली ओळखणारा भाग हे तिन्ही एकत्र ठेवायचे, त्यातलं एक जरी डोनरच्या बॉडीबरोबर गेलं तर इंजिन सुरूच होणार नाही.

आट्यांकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. जपानी डोनरचे ब्रेक पाइपचे नट १० मिलिमीटरचे आणि १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) असतात, जुन्या ब्रिटिश पार्टचे ३/८ इंचाचे यूएनएफ या इंची पद्धतीच्या आट्यांचे, म्हणजे इंचाला २४ आटे. हातात घेतले तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि इंची नट मेट्रिक भोकात जातोसुद्धा, फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आटे अर्धवटच धरलेले असतात. हे ब्रेकच्या पाइपवर! म्हणून मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि पाइपचे नट एकाच पद्धतीचे आहेत ना हे पिच गेज लावून बघूनच ऑर्डर द्यायची, पाइपाच्या टोकाचा फ्लेअर म्हणजे पसरवलेली कडसुद्धा त्याच पद्धतीचा हवा. चाकांचंही तसंच, सिएरासारख्या फोर्डचे चार स्टड १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ चे १०० वर, तेव्हा हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) कुठले ते ठरल्याशिवाय स्वस्त मिळाले म्हणून अलॉय घेऊन ठेवू नयेत.

आधी काय, शेवटी काय

सगळ्यांना आधी घ्यावेसे वाटतात ते सीट, स्टिअरिंग व्हील आणि मीटर, कारण ते दिसतात. पण गाडी पुढे सरकते ती चाकांवर उभी राहिल्यावर, म्हणून पहिले पैसे चासी, सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक, हब, ब्रेक यांना. ज्या गोष्टी ऑर्डरनंतर बनतात, म्हणजे चासी, बॉडी, खास लूम, मापाचा प्रोपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा), त्यांची ऑर्डर लवकर, आणि मधल्या काळात डोनरचे कॅलिपर, अपराइट (हब धरून ठेवणारे भाग) साफ करून बुश-बेअरिंग-सील बदलून ठेवायचे. उलट बॅटरी, टायर आणि ब्रेक फ्लुइड शेवटी. बॅटरी पडून पडून मरते, फ्लुइड उघडलं की हवेतली ओल ओढून घेतं, आणि टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा, तेव्हा गाडी रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी घेतलेले टायर गॅरेजातच म्हातारे होतात. महाग इलेक्ट्रॉनिक पार्ट लवकर घेतला तर वॉरंटीही खोक्यातच संपते.

गाडी दोनदा जोडायची असते हेही वेळापत्रकात धरायला हवं. एकदा कोरी, रंगाशिवाय, साधे नट लावून, सगळी भोकं पाडून, ब्रॅकेट वेल्ड करून, रेडिएटर बोनेटखाली मावतोय का आणि सायलेन्सर चाकाला लागत नाही ना हे बघून. मग पुन्हा सगळं सुटं करून चासी पावडर कोटिंगला, आणि परत आल्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) आणि टॉर्क रेंच लावून कायमची जोडणी. नायलॉक नट परत परत वापरायचे नसतात, म्हणून पहिल्या फेरीत ते वाया घालवू नयेत.

बजेटमध्ये किटच्या किमतीशिवाय पावडर कोटिंग, बुश, होस, क्लिप, रिव्हेट, फ्लुइड, हत्यारं, इंजिन उचलायचा भाड्याचा हॉइस्ट, वाहतूक, तपासणी आणि विमा हे सगळं मांडावं. छोट्या छोट्या खरेदीच बजेट खातात, मोठ्या वस्तूंची किंमत तर सगळ्यांना पाठ असते.

तपासणी आणि कागद

ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची आयव्हीए नावाची तपासणी असते, कारसाठी ती २००९ मध्ये जुन्या एसव्हीएच्या जागी आली आणि ती डीव्हीएसए ही सरकारी संस्था घेते. तिचं मॅन्युअल पहिल्या दिवसापासून समोर ठेवून खरेदी करावी असं माझं ठाम मत आहे. बाहेरून हात लागेल अशा कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते, त्यामुळे सस्पेन्शनच्या बोल्टवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांवर रबरी ट्रिम. दिवे, आरसे, सीट बेल्ट यांवर मंजुरीचा ई मार्क बघून घ्यायचा, बिनमार्काचे स्वस्त दिवे घेतले तर परत खर्च. वळणावर सोडल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला पाहिजे, हलक्या पुढच्या भागामुळे बऱ्याच गाड्या इथेच अडतात, तेव्हा सस्पेन्शनची भूमिती बदलता येईल असे पार्ट आधीच घेतलेले बरे. धुराची मर्यादा इंजिन कधीचं आहे त्यावर ठरते, म्हणून इंजिनाचं वय सांगणारा कागद इंजिनाबरोबरच मिळवायचा.

त्यानंतर नोंदणी, ती डीव्हीएलए या गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे. अर्जाबरोबर पावत्या आणि जोडणीचे फोटो लागतात, आणि नंबर कुठला मिळणार हे पार्टच्या इतिहासावर ठरतं. सगळं नवीन असेल, किंवा फार तर एक भाग नव्यासारखा दुरुस्त केलेला, तर चालू वर्षाचा नंबर. नवीन चासीत एकाच डोनरचे दोन मुख्य भाग असल्याचं दाखवता आलं तर डोनरच्या वयाचा नंबर. वय सिद्ध करता आलं नाही की क्यू अक्षराने सुरू होणारा क्यू नंबर, आणि तो बघून नंतरचा गिऱ्हाईक भाव पाडतो. एकाच डोनरवर भर देण्याचं हेही एक कारण. अर्धवट प्रोजेक्ट विकत घेणाऱ्याने तर पार्टच्या आधी पावत्यांची फाइल मागावी, डोनरचं व्ही५सी म्हणजे नोंदणीचं कागदपत्र नसेल तर किंमत त्याच हिशेबाने बोलावी.

भारतात

आपल्याकडे घरी जोडलेल्या एकट्या गाडीला पासिंग मिळेल अशी ब्रिटनसारखी वाट नाही, इथली व्यवस्था कंपनीच्या मॉडेलला मिळणाऱ्या मंजुरीवर उभी आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदलही चालत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. तरी सेव्हनची आठवण करून देणारी एक गाडी महाराष्ट्रात बनली, अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर, तिच्यात अँबॅसडरला लागायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. आज ही जुळवाजुळव आपल्याकडे शिकायला मिळते ती इंजिनीअरिंग कॉलेजात, बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धांमध्ये. तिथे पोरं एका सीटची बग्गी स्वतः डिझाइन करतात, पाइप वाकवतात, नकल (अपराइटलाच दुसरं नाव) आणि हब मशीनिंगला टाकतात, आणि गाडी पळण्याआधी किती खर्च झाला याचा बिलांसकट हिशेब परीक्षकांपुढे मांडतात, त्या कॉस्ट रिपोर्टलाही मार्क असतात.