ओढ्याकाठचा जळका ढिगारा आणि दख्खनची राखेची टेकडी

आयर्लंडमध्ये ओढ्यांच्या काठी जळके ढिगारे सापडतात आणि आपल्या दख्खनमध्ये राखेच्या टेकड्या. दोन्ही प्रागैतिहासिक, दोन्ही आगीतून तयार झालेले, त्यामुळे वाचताना त्यांची गल्लत होते. पण आयर्लंडमध्ये आग पेटली ती पाणी तापवायला, आणि दख्खनमध्ये पेटलं ते गोठ्यातलं शेण.

आयर्लंडमध्ये अशा सुमारे ७,००० जागा नोंदलेल्या आहेत, बहुतेक कांस्ययुगातल्या. तिथे त्यांना 'फुलाख्त फिया' म्हणतात. ढिगारा बहुधा घोड्याच्या नालेच्या आकाराचा. खणायला घेतलं की कोळशाने काळी झालेली माती आणि तडकलेले दगड निघतात. नालेच्या पोकळीत जमिनीत खोदलेली डोणी लागते, कधी लाकडी फळ्यांनी, कधी दगडी लाद्यांनी मढवलेली. जमीन पाणथळ, त्यामुळे डोणी उपसली तरी झिरपून पुन्हा भरते. खणणाऱ्याला हा त्रासच, पण डोणी भरावी म्हणूनच तर ती जागा निवडलेली! शिवाय याच ओलीमुळे काही ठिकाणी फळ्या आजवर टिकल्या.

दगड विस्तवात तापवायचे आणि डोणीतल्या पाण्यात सोडायचे. पुन्हापुन्हा तापून आणि विझून दगड फुटतात. निकामी झालेले भोवताली फेकत गेलं की ढीग वाढत जातो. आयरिश पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी १९५० च्या दशकात कॉर्क परगण्यातल्या बॅलिव्हर्नीला हे करूनच पाहिलं. ४५४ लिटर पाणी साधारण अर्ध्या तासात उकळलं आणि पेंढ्यात गुंडाळलेली साडेचार किलोची मेंढीची तंगडी ३ तास ४० मिनिटांत शिजली. मात्र अशा जागी हाडं फार कमी मिळतात. आम्लयुक्त मातीत ती विरून जातात हे खरं, तरी काही अभ्यासक अंघोळ, वाफारा किंवा कापड रंगवण्याकडे बोट दाखवतात. मला स्वयंपाक पटतो, पण हजारो डोण्यांचा उपयोग एकच असेल असं मानायला मी तयार नाही.

दख्खनच्या टेकड्यांत फुटक्या दगडांऐवजी राख असते. नवाश्मयुगीन पशुपालकांनी साचलेलं शेण वेळोवेळी पेटवलं. काही थर इतके तापले की वितळून काचेसारखे झाले, म्हणून पूर्वी कुणाला ते ज्वालामुखीचं काम वाटलं, कुणाला लोखंड गाळल्याची मळी. हंपीजवळच्या निंबापूरमच्या ढिगाला लोक वालीच्या चितेची राख मानतात. १९५७ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातल्या उटनूरला खणलं, तेव्हा थरांत गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले दिसले, आणि गुरं इथेच कोंडलेली असत हे कळलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी कर्नाटकात बुदिहाळला राखेलगत वस्ती आणि गुरं कापण्याची जागाही उघडी केली.

खणण्याची रीतही त्यामुळे वेगळी. आयरिश ढिगाऱ्यात डोणीचा तळ गाठून तिथला गाळ आणि फळ्या तपासाव्या लागतात. दख्खनमध्ये राखेचा एकेक थर अलगद उचलावा लागतो, कारण खुरांचे ठसे दोन थरांच्या मधेच दडलेले असतात आणि कुदळीचा एक घाव ते पुसून टाकतो.