रेघ कुठे आखायची, हे टेस्टोस्टेरॉन सांगत नाही

एके काळी कबड्डी गावोगाव वेगवेगळ्या नियमांनी खेळली जायची. 1923 साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरली ती सुधारलेल्या, एकसारख्या नियमांनी. नियम ठरवण्यात हिंदविजय जिमखान्याचा मोठा वाटा होता, आणि इथल्या मराठी मंडळींना त्याचा अजून अभिमान आहे. नियम करायला बसलं की मैदान केवढं, गडी किती, हे भरभर ठरतं. कोणाला कोणासमोर उभं करायचं, तिथे गाडी अडते.

सध्या जगभरच्या क्रीडा संघटना तिथेच अडल्या आहेत. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण पुढे स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती, म्हणजे ट्रान्स स्त्री, बायकांच्या गटात खेळू शकते का? दांडिया बाजारात व्यायामशाळा सुटल्यावर चहाच्या लारीवर हा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. देवाने दोनच घडवले. विज्ञानाने सगळं सिद्ध केलंय. आणि खेळात राजकारण आणू नका. मला यातलं मधलं वाक्य सर्वांत फसवं वाटतं.

आधी जे पक्कं माहीत आहे ते. मल्लखांबावर आठ-नऊ वर्षांची मुलं आणि दोरीवर त्याच वयाच्या मुली पाहा. ताकदीत फारसा फरक दिसत नाही. वयात येताना चित्र पालटतं. मुलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरभरून स्रवू लागतं. प्रौढ पुरुषाच्या रक्तात ते लिटरला साधारण 8 ते 29 नॅनोमोल असतं, तर बहुतेक बायकांत 2 नॅनोमोलच्या आत. त्याच्या जोरावर उंची वाढते, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिनही वाढतं. 100 मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम 9.58 सेकंदांचा, बायकांचा 10.49. धावण्या-पोहण्यात ही तफावत साधारण 10 ते 12 टक्के असते, आणि वजन उचलण्यात बरीच जास्त. बायकांचा वेगळा गट आहे तो याचसाठी. तो नसता तर अंतिम फेरीत बाई दिसलीच नसती.

आता औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर? हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं. स्नायू मात्र चिवट असतात, वर्षभरात सुमारे 5 टक्केच घटतात. उंची आणि हाडांचा सांगाडा तर बदलतच नाही. घर बांधून झाल्यावर कंत्राटदाराला घालवलं म्हणून खांब आखूड होत नाहीत, तसंच. अमेरिकेच्या हवाई दलातल्या नोंदींवरून 2020 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या उपचारानंतर ट्रान्स स्त्रियांची जोर काढण्यातली आघाडी संपली होती, धावण्यात मात्र त्या सहकारी बायकांपेक्षा अजून 12 टक्के वेगवान होत्या. अर्थात हे सैनिक होते, ऑलिंपिकचे धावपटू नव्हेत. प्रत्यक्ष स्पर्धेत उतरणाऱ्या ट्रान्स खेळाडूंवरचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

तेव्हा पुरुषी देहाने वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना वर्ल्ड अॅथलेटिक्स या धावण्या-फेकण्याच्या खेळांच्या जागतिक संघटनेने 2023 साली बायकांच्या गटाबाहेर ठेवलं, त्या निर्णयाला निदान धावण्यापुरता तरी आधार आहे, असं माझं मत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनेही पुढचा निर्णय होईपर्यंत ट्रान्स स्त्रियांना बायकांच्या स्पर्धांची दारं बंद केली. वजीर उचलायला कोणते स्नायू लागतात? इथे विज्ञानाचं नाव घेण्याचीही सोय नाही.

खरा गुंता पुढे आहे, आणि त्यात ट्रान्स नसलेल्या बायकाच जास्त सापडतात. वर्ल्ड अॅथलेटिक्सने 1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक पातळीवर बायकांच्या गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली. चाचणी दिसायला साधी. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या डीएनएत ते जनुक आहे का पाहायचं. हे जनुक बहुतेक वेळा वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषण घडवण्याची सुरुवात करून देतं. सुरुवातच फक्त. पुढे टेस्टोस्टेरॉन तयार व्हावं लागतं आणि पेशींनी ते ओळखावंही लागतं. काही जणींच्या पेशींना ते ओळखताच येत नाही. त्यांच्यात वाय गुणसूत्र असतं, पोटात वृषणं असतात, पण देह जन्मापासून स्त्रीचाच घडतो. पाळी का आली नाही म्हणून डॉक्टरकडे जाईपर्यंत अनेकींना याचा पत्ताही नसतो.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो ही अशीच. 1985 साली कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत तिची गुणसूत्र चाचणी झाली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव जगजाहीर झालं. पदकं गेली, शिष्यवृत्ती गेली. 1988 मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली तोवर वेळ निघून गेली होती. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3387 जणींची तपासणी झाली. आठजणींत एसआरवाय सापडलं आणि आठहीजणींना खेळू दिलं गेलं. त्यानंतर ऑलिंपिकमधली ही सरसकट तपासणीच थांबवली गेली. ज्यांच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाहीत त्यांना नव्या नियमात सूट आहे, हे खरं. पण सूट मिळेपर्यंतच्या तपासण्या आणि कुजबुज त्या मुलीनेच सोसायची. 1990 साली हे जनुक शोधणारे अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या चाचणीला जाहीर विरोध केला, कारण जनुक हजर आहे एवढंच ती सांगते, ते काम करतंय का ते नाही.

आपल्याकडच्या दोन नावांशिवाय हा विषय पुरा होत नाही. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्य मिळवणाऱ्या शांती सौंदराजनचं पदक काढून घेतलं गेलं आणि तिच्या देहाची चर्चा देशभर झाली. धावपटू दुती चंदला नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून 2014 साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं. ती मात्र क्रीडा लवादात गेली. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन जास्त असल्याने नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा द्या, असं लवादाने 2015 मध्ये अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला सुनावलं आणि टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तिचा नियम स्थगित केला. 2018 मध्ये नवा नियम आला तो 400 मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता. दुतीच्या 100 आणि 200 मीटर त्यातून सुटल्या, आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने दोन्हींत रौप्य मिळवलं. त्याच नियमातली टेस्टोस्टेरॉनची मर्यादा लिटरला 5 नॅनोमोल होती, 2023 मध्ये ती अडीच झाली आणि सगळ्याच शर्यतींना लागू झाली. माणसाचं शरीर पाच वर्षांत बदललं नाही. बदललं ते टेबलाभोवती बसलेल्यांचं मत.

मत म्हटलं की राजकारण आलंच. बडोदेकराने तरी त्याला नाक मुरडू नये. बडोद्यातल्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या पुराणी बंधूंनी गुजरातभर व्यायामशाळा काढल्या, त्या फक्त दंड कमावण्यासाठी नव्हत्या. स्वातंत्र्याची तयारी तिथे चालायची. अमेरिकेत 2016 साली नॉर्थ कॅरोलिनाने सरकारी इमारतींतली स्वच्छतागृहं जन्मदाखल्यावरच्या लिंगानुसारच वापरायची असा कायदा केला, तेव्हा एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने आपला ऑल-स्टार सामना शार्लटहून न्यू ऑर्लिन्सला हलवला. महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए हिनेही त्या राज्यातल्या स्पर्धा काढून घेतल्या. तीच एनसीएए 6 फेब्रुवारी 2025 ला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाच्या दुसऱ्या दिवशी, ट्रान्स स्त्रियांना बायकांच्या स्पर्धांतून वगळून मोकळी झाली. एका रात्रीत कुठला शोधनिबंध आला होता? संघटनेच्या अध्यक्षांनी काहीच आठवड्यांपूर्वी सिनेटमध्ये सांगितलं होतं की 5 लाख 10 हजार खेळाडूंत आपल्या माहितीतले ट्रान्स खेळाडू दहापेक्षा कमी आहेत.

धर्माचा सूरही एक नाही. व्हॅटिकनने 2024 मध्ये लिंगबदलाला मानवी प्रतिष्ठेवरचा आघात म्हटलं. इराणमध्ये खोमेनींनी 1980 च्या दशकात त्याच शस्त्रक्रियेला धार्मिक मान्यता दिली. आपल्याकडे कारेलीबागेतल्या बहुचराजीच्या देवळात आजही माणसं हात जोडतात. तिचं मूळ ठाणं बेचराजी. तिथलं मोठं देऊळ गायकवाड घराण्यातल्या मानाजीरावांनी बांधलं, आणि हिजडा समाज तिला आपली देवी मानतो. देवाने दोनच घडवले म्हणणाऱ्याने आपली श्रद्धा खुशाल बाळगावी. संघटनेच्या बैठकीतही ती श्रद्धा म्हणूनच मांडावी, रक्ताच्या अहवालाआड लपवू नये. ट्रान्स खेळाडूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हेच लागू. वयात येण्याने काहीच फरक पडत नाही, असं म्हणणं हीसुद्धा श्रद्धाच.

तूर्त गुजरातमधली एखादी धावपटू जागतिक स्पर्धेसाठी निवडली गेली तर तिला ही चाचणी चुकणार नाही. मग अहवाल आधी कोणाच्या हातात पडतो, तिच्या की संघटनेच्या कचेरीत, हे बोळा फिरवण्याआधी लेखी ठरलेलं असावं. शेजारी जनुकशास्त्र जाणणारा डॉक्टर हवा. आणि निकाल अनपेक्षित आला तर तो तिला एकटीला, दार लावून, तिच्या भाषेत समजावून सांगितला जावा. एवढ्यासाठी कुठल्या नव्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.