क्लासिक मोटारीच्या एसीचे काम स्वतः करणे

जुन्या मोटारीतला बंद पडलेला एसी पुन्हा चालू करणे, तो नव्या गॅसवर आणणे किंवा मुळात एसी नसलेल्या गाडीत तो बसवणे, अशी कामे मालकाने गॅरेजवर न सोपवता स्वतः करण्याची पद्धत. गॅस भरणे हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा आहे. वेळ जातो तो गळती शोधण्यात, आतला गाळ काढण्यात आणि यंत्रणा कोरडी करण्यात. बहुतेक अपयशांचे मूळही तिथेच असते.

कारखान्यातून एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलपासून केली. हवा थंड करणारी कूलिंग कॉइल डिकीच्या बाजूला होती आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला, त्याला इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हता. एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टाच काढून ठेवावा लागे. १९५४ च्या नॅश अँबॅसडरमध्ये सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आली, आणि पुढे हीच मांडणी रूढ झाली. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. डिकीपर्यंत नेलेल्या लांब नळ्यांमुळे सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची जागा.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारींमध्ये आर-१२ हाच गॅस वापरला जाई. ओझोन थराला होणाऱ्या हानीमुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन थांबवण्याचे ठरले. विकसित देशांत ते १९९६ च्या आरंभी आणि विकसनशील देशांत २०१० मध्ये थांबले. जुना साठा अजून मिळतो, पण अमेरिकेत तो विकत घेण्यासाठी प्रमाणपत्र लागते. गॅस हवेत सोडून देण्यास तिथे बंदी आहे. म्हणून नळी सोडण्यापूर्वी आतला गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घ्यावा लागतो. सगळे काम घरी करणाऱ्यालाही एवढ्यापुरते वर्कशॉपमध्ये जावे लागते.

मूळ यंत्रणा धडधाकट असेल आणि आर-१२ रीतसर मिळत असेल, तर ती त्याच गॅसवर ठेवणे उत्तम. ते शक्य नसेल तर आर-१३४ए हा रुळलेला पर्याय आहे. मात्र हा बदल केवळ गॅसपुरता राहत नाही. आर-१२ सोबतचे खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही. ते काढून पीएजी किंवा एस्टर यांपैकी एक कृत्रिम तेल घालावे लागते. पीएजी हवेतला दमटपणा झपाट्याने शोषते. जुने तेल पूर्ण निघाल्याची खात्री नसेल तर एस्टर निवडण्याचा प्रघात आहे. ड्रायर, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा, नवा आणि नव्या गॅसला चालणारा हवा. ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या घालतात. साध्या रबरी होजमधून नवा गॅस हळूहळू झिरपतो, म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले होज बरे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कंडेन्सर, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. ० अंश सेल्सिअसला आर-१२ चा दाब सुमारे ३० पीएसआय, तर आर-१३४ए चा सुमारे २८ असतो, म्हणजे फारसा फरक नाही. ६० अंशांना मात्र पहिल्याचा साधारण २०७ आणि दुसऱ्याचा साधारण २२९ होतो. गाडी सिग्नलला उभी असताना जुना, विरळ पात्यांचा कंडेन्सर एवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि दाब चढत जातो. आधुनिक समांतर-प्रवाही कंडेन्सर आणि रेडिएटरला नीट बसणारे पंख्याचे आच्छादन यांनी जो फरक पडतो, तो जास्त गॅस भरून कधीच पडत नाही. उलट आर-१३४ए मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरतात. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे नाहीसे होईपर्यंत गॅस भरण्याची जुनी सवय इथे घातक ठरते. या गॅसमध्ये योग्य भरणीवरही बुडबुडे दिसू शकतात. जनरल मोटर्सच्या ज्या गाड्यांत पीओए व्हॉल्व्ह, म्हणजे कूलिंग कॉइलमधला दाब राखणारी झडप, आहे, त्यांत त्याची दाबाची मर्यादाही थोडी खाली आणावी लागते, नाहीतर थंडावा अपुरा पडतो.

यॉर्क किंवा टेकमसे बनावटीच्या जुन्या दोन सिलिंडरी कॉम्प्रेसरवर बहुधा चौकोनी दांड्याचे सर्व्हिस व्हॉल्व्ह असतात. ते पूर्ण आत फिरवले की कॉम्प्रेसर उरलेल्या यंत्रणेपासून वेगळा होतो आणि सगळा गॅस न काढता उतरवता येतो. ही सोय फारच उपयोगी आहे. मात्र गॅस बाहेर ढकलला जातो त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद असताना इंजिन चालू केले तर कॉम्प्रेसर फुटायला वेळ लागत नाही.

कॉम्प्रेसर आतून झिजून मोडला असेल तर त्याचा काळा चुरा सगळीकडे पसरलेला असतो. नळ्या आणि कूलिंग कॉइल द्रावणाने धुवून निघतात. ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) बदलावेच लागतात, आणि अरुंद वाटांचा समांतर-प्रवाही कंडेन्सर नीट धुतला जातच नाही. गळती बुजवणारी डबाबंद रसायने तर टाळलेलीच बरी. ती व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि पुढे रिकव्हरी यंत्रही बिघडवतात.

सांधे जोडताना दोन पाने लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला; नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने आणि साबणाच्या पाण्याने करतात. त्यासाठी वर्कशॉपच्या एअर कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण दाबाखाली हवा आणि आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकते. ज्योतीने गळती शोधण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी; आर-१२ जळून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा काढून उरलेली ओल उकळून घालवणे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब २४ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत खाली यावा लागतो, म्हणजे समुद्रसपाटीला गेजवर साधारण २९ इंच दिसायला हवेत. उंचावरच्या गावी काटा तितका जाणार नाही, तो पंपाचा दोष नव्हे. पंप किमान अर्धा-पाऊण तास चालू ठेवतात, दमट हवेत त्याहून जास्त. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलला तर गळती आहे किंवा आत ओल उरली आहे. अशा वेळी गॅस भरणे व्यर्थ.

चालू इंजिनावर गॅस भरताना डबा उभा धरून तो वायुरूपातच कमी दाबाच्या बाजूने सोडतात; द्रव आत गेला तर कॉम्प्रेसरच्या पातळ पत्र्याच्या झडपा मोडतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो आणि डोळ्यात उडाल्यास कायमची इजा करू शकतो.

मुळात एसी नसलेल्या गाडीत पहिला प्रश्न विजेचा येतो. पंखा आणि क्लच यांचा भार जुना डायनामो, विशेषतः मंद गतीत, पेलत नाही. अल्टरनेटर बसवावा लागतो, आणि ६ व्होल्टची गाडी असेल तर सगळी वायरिंग पाहावी लागते. त्यानंतर दारांची रबरे आणि इंजिनाकडच्या पत्र्यातली भोके. तिथून गरम हवा आत येत असेल तर चांगला कॉम्प्रेसरही हतबल होतो.

काम पूर्ण झाल्यावर एसी हिवाळ्यातही महिन्यातून काही मिनिटे चालवतात, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचे सील तेलाने ओले राहते आणि तिथून गॅस झिरपत नाही.