गुत्त्यानं अन् रोजानं : मेंदूतला कष्टाचा हिशोब

सोयाबीन काढणीच्या दिवसात मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा, पारावर एक वाक्य ऐकायला येणारच, "आजकाल माणसं कामच करत नाहीत हो." आता बघा, ज्या बाया रोजानं आल्या की दहाला वावरात अन् पाचला घरी, त्याच बायांना एकरावर गुत्तं दिलं, म्हणजे एकरामागं ठरलेल्या पैशात काम दिलं, की उजाडायच्या आत हजर असतात, भाकरी बांधावरच उरकतात अन् दोन दिवसाचं रान दीड दिवसात मोकळं करून देतात. बाई तीच, विळा तोच, ऊन तेच. मग बदललं काय?

पैसा, असं उत्तर चटकन येतं, अन् ते चूक नाही पण अर्धवट आहे. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे, तिनं १९९४ च्या सुमारास तासावरचा पगार सोडून काचेमागं पैसे द्यायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या भाषेत गुत्तंच. एडवर्ड लझीर या अर्थतज्ज्ञानं तिथले आकडे तपासले तर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलेलं. पण त्यातली साधारण अर्धीच वाढ जुन्याच माणसांनी जास्त जोर लावल्यामुळं होती, उरलेली बरीचशी अशी की झपाट्यानं काम करणारी माणसं टिकून राहिली अन् नवीन आली ती पण तशीच आली. म्हणजे पैशानं माणूस पळतो हे खरंय, पण तो कसा अन् किती पळतो हे ठरवणारी यंत्रणा मेंदूत आहे आणि तिला नुसता पैसा कळत नाही.

या यंत्रणेत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा वाटा आहे. मोबाईलवर रील बघितली की डोपामिन येतं, मजा येते, असं आपण सगळेच ऐकून आहोत, पण मेंदूचे अभ्यासक जॉन सॅलामोन यांनी उंदरांवर केलेले प्रयोग वाचले की चित्र वेगळंच दिसतं. उंदरासमोर दोन वाटा, एकीकडं थोडं खाणं सहज मिळणारं, दुसरीकडं भरपूर खाणं पण मधे चढायला उंच अडसर. धडधाकट उंदीर बहुतेक वेळा चढून जातो. मेंदूच्या एका ठरावीक भागातलं डोपामिन कमी केलं की तोच उंदीर सोप्या वाटेनं जाऊन थोडक्यावर भागवतो. त्याला चढता येत नाही असं नाही, सोप्या वाटेला काहीच ठेवलं नाही तर तो चढतो की, अन् खाण्याची आवड पण गेलेली नसते. गेलेलं असतं ते एवढंच की "यासाठी एवढे कष्ट घेणं परवडतं" हा कौल. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपण ज्याला आळस म्हणतो त्यातला बराच भाग हा असा कौलच असतो, मेंदू सतत मोजत असतो की कष्ट किती, मिळणार किती अन् मिळायची खात्री किती. २०१२ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात माणसांच्या मेंदूची स्कॅन काढून बघितलं तेव्हा पण असंच काहीसं दिसलं, जास्त बक्षिसासाठी कष्टाचं काम निवडणाऱ्यांच्या मेंदूत काही भागांत डोपामिनचा प्रतिसाद जोरात होता, पण इन्सुला नावाच्या भागात उलटं, तिथं प्रतिसाद जास्त तो कष्ट टाळणारा.

मग बक्षीस वाढवत नेलं तर काम पण वाढत जाईल का? नाही. हा प्रयोग तर आपल्याच देशात झालाय, तमिळनाडूत मदुराईजवळच्या खेड्यांत. माणसाच्या वागण्याचे अभ्यासक डॅन अॅरिएली आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना कल्पकता, स्मरण अन् हाताचं कौशल्य लागणारे सहा खेळ दिले, कुणाला एका खेळाला जास्तीत जास्त ४ रुपये, कुणाला ४०, कुणाला ४००. सगळे खेळ उत्तम जमले तर ४०० वाल्यांना २४०० रुपये, तिथल्या माणसाच्या जवळपास अर्ध्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम. सगळ्यात वाईट खेळले ते हेच. डोकं खेळात राहण्याऐवजी हुकलं तर काय यातच अडकून पडतं. लातूरला नीटची तयारी करणारी पोरं बघितली की मला हा प्रयोग आठवतो, घरच्यांनी जमीन गहाण टाकलीय, आता एकाच पेपरवर सगळं, असं रोज फोनवर ऐकणाऱ्या पोराला आपण जोर देत नसतो, त्याच्यावर ते ४०० रुपयांचं ओझं टाकत असतो.

पैसा न वाढवता पण काम वाढतं, हे मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांनी २००७ मधे दाखवलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोन करून देणग्या गोळा करणारी पोरं होती, कंटाळवाणं काम, समोरचा नाही म्हणून फोन ठेवणार. त्यातल्या काहींची भेट, जेमतेम पाच-दहा मिनिटं, अशा विद्यार्थ्याशी घालून दिली ज्याचं शिक्षण या देणग्यांमुळं चाललं होतं. महिन्यानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला, गोळा होणारी रक्कम पण. ज्यांना त्या विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं त्यांच्यात मात्र फरक पडला नाही, माणूस समोर दिसावा लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, अंबाजोगाई तालुक्यातल्या गावांनी वॉटर कप या पाणी अडवण्याच्या गावागावांतल्या स्पर्धेसाठी श्रमदान केलं, भर उन्हाळ्यात माळावर टिकाव-फावडं घेऊन. एरवी रोजगार हमीच्या कामाला कुरकुर करणारी माणसं पण होती त्यात. स्पर्धेचं बक्षीस होतं, हो, पण ते गावाला, खांदणाऱ्याच्या खिशात काही येणार नव्हतं. तरी आज खांदलेला चर उद्या डोळ्यांनी दिसत होता अन् त्यात मुरणारं पाणी आपल्याच विहिरीला येणार हे ज्याला त्याला कळत होतं.

याच्या बरोबर उलटी अवस्था म्हणजे काहीही करा, फरकच पडत नाही. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग वाचताना वाईट वाटतं, पण तो विसरता येत नाही. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके स्वतः थांबवता येत नव्हते, त्यातली बरीचशी पुढं सुटायची सोपी वाट असतानाही प्रयत्नच न करता पडून राहिली. तेव्हा निष्कर्ष निघाला की असहायता शिकली जाते. पण जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मधे, याच दोघांनी मेंदूतले पुरावे बघून तो उलटा केला : लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळ स्वभावच आहे, शिकावी लागते ती "माझ्या हातात काहीतरी आहे" ही गोष्ट, अन् ती कळली की मेंदूचा पुढचा भाग त्या पडून राहण्याला दाबून धरतो. आता पेरणी केली, पाऊस गेला, दुबार पेरणी केली, काढणीला आलं अन् परतीच्या पावसानं भिजलं, जे वाचलं त्याला हमीभाव पण मिळाला नाही, असं लागोपाठ भोगणाऱ्या माणसाला "नवीन काही करून बघत नाही, हिम्मतच नाही" म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. त्याच्या मेंदूला हातात काहीतरी आहे याचा पुरावाच मिळेना, तर जोर यायचा कुठून.

ओडिशातला एक प्रयोग तर आपल्या मजुरीच्या व्यवहाराला थेट लागू पडतो. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी अन् सहकाऱ्यांनी पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांना दोन आठवड्यांचं काम दिलं, नगावर मजुरी. सगळ्यांचा दर सारखाच, फक्त काहींना झालेल्या कामाचे पैसे मधेच दिले अन् बाकीच्यांना शेवटी. ज्यांच्या हातात पैसे आधी आले त्यांचं काम साधारण ७ टक्क्यांनी वाढलं अन् चुका कमी झाल्या, त्यातही जे जास्त अडचणीत होते त्यांच्यात फरक मोठा. किराणा दुकानदाराची उधारी, पोराची फी, हे डोक्यात फिरत असलं की हात चालतो पण लक्ष राहत नाही. ऊसतोडीची उचल याहून वेगळी बरंका, ती कामाआधीच मिळते, बहुतेक वेळा आधीच खर्च होऊन जाते अन् पुढं कोयता कितीही चालवला तरी पहिल्यांदा ती फिटते. ओडिशातल्या मजुरांना मिळाले ते केलेल्या कामाचे, त्यांचे स्वतःचे पैसे. आपल्याकडं माल अडतीला जाऊ द्या, पट्टी येऊ द्या, मग मजुरी देतो असं म्हणणारे खूप आहेत, अन् त्यांची पण ओढाताण असते हे मान्य. पण दर न वाढवता निदान आठवडी बाजाराच्या दिवशी झालेल्या कामाचा हिशोब चुकता करणं बऱ्याच जणांना जमण्यासारखं आहे, पुढच्या काढणीला करून बघा.