राखेतले द्राक्षमळे: नेपल्सच्या किनाऱ्यावरील निवांत सुट्टीची पार्श्वभूमी

इटलीतील नेपल्सच्या पश्चिमेस पोत्सुओली नावाचे बंदर आहे. त्या गावात, रस्त्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच खाली, संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या भागावर दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांनी पाडलेली भोके स्पष्ट दिसतात. 1750 साली येथे सेरापिस देवाची मूर्ती सापडल्यामुळे ही वास्तू दीर्घकाळ मंदिर मानली गेली. प्रत्यक्षात तो रोमन काळातील खाद्यपदार्थांचा बाजार होता. या बाजाराची जमीन पुढे समुद्राखाली गेली आणि काही शतकांनी पुन्हा वर आली, याची साक्ष ती भोके देतात, आणि म्हणूनच चार्ल्स लायल यांनी 1830 साली आपल्या भूशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र छापले. वाइन आणि भोजनासाठी या किनाऱ्यावर चार दिवस मुक्कामाला येणाऱ्या प्रवाशाने आपली सहल या खांबांपासून सुरू करावी असे मला मनापासून वाटते, कारण येथील अन्न आणि येथील ज्वालामुखी यांचे नाते इतक्या थेटपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

हा प्रदेश म्हणजे कंपानिया. उपसागराच्या एका बाजूला वेसुवियस आहे आणि दुसऱ्या बाजूला कांपी फ्लेग्रेई, म्हणजे ‘जळती मैदाने’, हा अनेक विवरांचा विस्तीर्ण खचलेला ज्वालामुखी आहे. सुमारे 40 हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे 15 हजार वर्षांपूर्वी झालेल्या त्याच्या प्रचंड उद्रेकांतून राखेचे जाड थर साचले आणि त्यांतूनच नेपल्स शहर ज्यावर व ज्यातून बांधले गेले तो पिवळा टफ दगड तयार झाला. ही जमीन भुसभुशीत आहे, तिच्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि तिच्यातील सच्छिद्र दगड पावसाचे पाणी धरून ठेवून कोरड्या उन्हाळ्यात वेलींना ते हळूहळू पुरवतो.

द्राक्षवेल ग्रीकांच्या आधी येथे नव्हती असे म्हणता येणार नाही, परंतु वाइन पिण्याचा संस्कार मात्र ग्रीक वसाहतकारांनीच रुजवला. इ.स.पू. आठव्या शतकात ते इस्किया या ज्वालामुखीजन्य बेटावर येऊन राहिले. तेथील एका थडग्यात 1954 साली मातीचा एक लहान पेला सापडला. त्यावर कोरलेल्या तीन ओळींत होमरच्या काव्यातील नेस्टर राजाच्या पेल्याचा उल्लेख असून, जो या पेल्यातून पिईल त्याला तत्काळ प्रेमदेवतेची ओढ लागेल असे म्हटले आहे. ग्रीक लिपीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक असलेला हा मजकूर मेजवानीतल्या मौजेचा आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

निवांत सुट्टीची कल्पना मात्र रोमनांची. लॅटिनमध्ये सवडीला ‘ओटियम’ म्हणत आणि कामधंद्याला ‘नेगोटियम’, म्हणजे शब्दशः ‘सवड नसणे’. मूळ शब्द सवडीचा आणि काम हा त्याचा अभाव, असा त्या भाषेचा क्रम होता. रोममधील श्रीमंत आणि सत्ताधारी माणसे ही सवड उपभोगण्यासाठी याच उपसागरावर येत. रोमन वक्ता व राजकारणी सिसेरो याची कुमाए, पुतिओली (आजचे पोत्सुओली) आणि पॉम्पेई येथे घरे होती. बायाए येथील गरम झऱ्यांचे स्नान, समुद्रात उतरणारे महाल आणि अखंड मेजवान्या यांमुळे ते गाव इतके गाजले की तत्त्वज्ञ सेनेकाने ते दुर्गुणांचे वसतिस्थान ठरवले. जवळच्या लुक्रिनो सरोवरात सर्जियस ओराता याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीस कालवांची शेती सुरू केली होती. बायाएचा मोठा भाग जमीन खचून पाण्याखाली गेला आणि 2002 पासून तो समुद्रतळावरील संरक्षित पुरातत्त्व उद्यान आहे. लुक्रिनोचाही बराचसा भाग 1538 साली, जेमतेम आठवडाभरात उभ्या राहिलेल्या मोन्ते नुओवो या नव्या डोंगराने गिळला.

त्या काळी सर्वाधिक मान होता तो उत्तर कंपानियातील मासिको डोंगराच्या उतारांवर होणाऱ्या फालेर्नियन वाइनला. इ.स.पू. 121 चे तिचे पीक दंतकथेसारखे झाले होते, आणि रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदवले आहे की त्या वर्षीची वाइन जवळपास दोनशे वर्षांनंतरही शिल्लक होती, पण घट्ट होऊन मधासारखी झाली होती. पॉम्पेईच्या वाइनविषयी त्याचे मत तितके चांगले नव्हते. ती प्यायल्यास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके दुखते, असे त्याने लिहून ठेवले आहे. इ.स. 79 मध्ये वेसुवियसच्या उद्रेकात, किनाऱ्यावरील लोकांच्या सुटकेसाठी आरमार घेऊन निघालेला हाच प्लिनी स्ताबिया येथे मरण पावला.

त्या उद्रेकाने पॉम्पेई गाडले, पण तेथील जेवणाचा आणि शेतीचा पुरावाही राखेने जपून ठेवला. वेलींची मुळे कुजून गेली, तरी घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या पोकळ्या राहिल्या. 1960 च्या दशकात विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन संशोधिकेने अँफिथिएटरजवळच्या एका मोकळ्या जागेत अशा पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट ओतले आणि मुळांचे ठसे मिळवले. पूर्वी जनावरांचा बाजार समजली गेलेली ती जागा दोन हजारांहून अधिक वेलींचा मळा निघाली. या मळ्यातच, उघड्यावर, आडवे होऊन जेवण्यासाठी बांधलेल्या दोन बैठका होत्या आणि आसपास खाऊन टाकलेली हाडे होती. मळ्याच्या धन्याकडची वाइन मळ्यातच बसून जेवणासोबत पिण्याची जी पद्धत आज पर्यटनाची नवी तऱ्हा म्हणून मांडली जाते, तिचे याहून स्पष्ट पूर्वरूप कोणते असणार? पुढे 1990 च्या दशकात मास्त्रोबेरार्दिनो या वाइन घराण्याने पॉम्पेईच्या तटबंदीच्या आत पिएदिरोस्सोसारख्या स्थानिक जातींची पुन्हा लागवड केली आणि 2001 च्या पिकाची वाइन बाजारात आली.

मध्ययुगात मळे मठांच्या आश्रयाने टिकले. जेवणाच्या ताटात खरा बदल झाला तो सोळाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या टोमॅटोमुळे, आणि तोही सावकाश: नेपल्समध्ये 1692 साली छापलेल्या आंतोनियो लातिनी यांच्या पाकग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती आढळते, पण ती ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. वेसुवियसच्या उतारावर होणारा पिएन्नोलो हा जाड सालीचा छोटा टोमॅटो घोसाने टांगून हिवाळाभर टिकवतात. उलट अमाल्फी किनाऱ्यावरील चेतारा गावात अँकोव्ही मासळी मिठात मुरवून जो अर्क काढतात, त्याचे नाते रोमन काळातील गारुम या मत्स्यरसाशी जोडले जाते, आणि त्याला 2020 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.

त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या एर्कोलानोचे उत्खनन 1738 मध्ये आणि पॉम्पेईचे 1748 मध्ये सुरू झाल्यावर युरोपभरचे सुशिक्षित प्रवासी येथे येऊ लागले. 1787 मध्ये जर्मन कवी ग्योथे वेसुवियसवर चढला. 1839 मध्ये नेपल्स ते पोर्तिची ही इटलीतील पहिली रेल्वे धावली आणि 1880 मध्ये वेसुवियसवर दोरखंडाने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. तीच गाडी 1944 च्या मार्चमधील उद्रेकात नष्ट झाली. तो वेसुवियसचा आजवरचा शेवटचा उद्रेक होय.

दरम्यान फिलोक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केले होते आणि बहुतेक ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम करणे भाग पडले होते. कांपी फ्लेग्रेईच्या वाळूसारख्या राखेत मात्र ही कीड तग धरू शकत नाही, त्यामुळे तेथे अनेक वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. ज्या ज्वालामुखीकडून संकट आले त्याच्याकडूनच संरक्षणही मिळाले. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त उत्पन्न देणाऱ्या परक्या जातींचा मोह मोठा होता, आणि फियानो, ग्रेको व आल्यानिको या जुन्या जाती टिकल्या त्या आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांच्यासारख्या उत्पादकांच्या हट्टामुळे. त्या हट्टाचे ऋण येथे पेला हाती घेणाऱ्या प्रत्येकावर आहे.

आजच्या सुट्टीचे स्वरूप घडले ते दोन गोष्टींतून. 1985 च्या राष्ट्रीय कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवण्याची आणि त्यांना मुख्यतः घरचे पदार्थ वाढण्याची रीतसर मुभा मिळाली. पुढे 1999 मध्ये संथ जीवनाचा पुरस्कार करणाऱ्या चित्तास्लो या गावांच्या संघटनेचा आरंभ ज्या चार गावांनी केला, त्यांत जवळच्या अमाल्फी किनाऱ्यावरचे पोसितानो होते. पोत्सुओलीची जमीन मात्र स्थिर झालेली नाही. 1982 ते 1984 या काळात ती सुमारे 1.8 मीटर वर आली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा वर येत आहे, मे 2024 मध्ये 4.4 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि बाजाराच्या त्या तीन खांबांभोवतीची फरशी, जी विसाव्या शतकात बऱ्याचदा पाण्याखाली असे, ती आता कोरडी दिसते.