सिम्प्लिसिसिमस (युद्धकाळातलं व्यंगचित्र साप्ताहिक)

सिम्प्लिसिसिमस हे म्युनिकहून निघणारं जर्मन साप्ताहिक, आल्बर्ट लांगेनने १८९६ मध्ये सुरू केलं. नाव घेतलं ग्रिमेल्सहाउझेनच्या सतराव्या शतकातल्या कादंबरीवरून, तीस वर्षांच्या युद्धात सापडलेल्या एका भाबड्या पोराची गोष्ट आहे ती. आणि ओळख म्हणजे साखळी तोडलेला लाल बुलडॉग, तो थॉमस थिओडोर हाइनेने काढला. चित्रांची स्टाईल एकदम वेगळी: जाड रेघ, सपाट रंग, मागे फारसं काही नाही आणि खाली दोन-तीन ओळींचा संवाद, त्यामुळे लांबूनही पोस्टरसारखं चित्र कळायचं.

हा बुलडॉग खरंच चावायचा. १८९८ ला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म पॅलेस्टाईनच्या दौऱ्यावर गेला तेव्हा हाइनेने मुखपृष्ठावर क्रुसेडवाले, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या मध्ययुगीन ख्रिश्चन धर्मयुद्धांतले, गॉडफ्री आणि जर्मन सम्राट बार्बारोसा काढले, गॉडफ्रीच्या हातात उन्हाची हॅट, बार्बारोसा हसतोय आणि गॉडफ्री त्याला सांगतोय की एवढा हसू नकोस रे, आपल्या क्रुसेडनाही तसा काही अर्थ नव्हताच. कैसरचं नावही नाही की चेहराही नाही, फक्त ती दौऱ्यातली हॅट, तरी सगळ्यांना कळलं. राजाच्या अपमानाबद्दल हाइनेला सहा महिने कैद झाली, लांगेनला पाच वर्षं देशाबाहेर राहावं लागलं. साप्ताहिकाचाच दुसरा चित्रकार एडुआर्ड ट्योनी लष्करी अफसरांची खिल्ली उडवायचा, एका डोळ्याला काच, कंबर आवळलेली, नाक वर.

मग ऑगस्ट १९१४ उजाडला, पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धात टवाळी कशी करायची, त्यापेक्षा साप्ताहिक बंदच करू असं संपादक लुडविग थोमाचं मत होतं, पण हाइने म्हणाला की आता देशाला आपली गरज आहे, चालू ठेवू. आणि चालू राहिलं, फक्त दात आता बाहेरच्यांवर, म्हणजे इंग्लंड, रशिया, फ्रान्सवर. ट्योनीने ज्यांची टिंगल केली तेच सैनिक त्याच हाताने वीर म्हणून काढले. मला यातली सगळ्यात त्रास देणारी गोष्ट ही वाटते की चित्रं वाईट झाली नाहीत, रेघ तितकीच तयारीची होती, म्हणून तर प्रचार इतका पोचला.

पलीकडे लंडनच्या पंच या विनोदी साप्ताहिकातही तेच चाललं होतं, जर्मन सैन्य तेव्हा बेल्जियममध्ये घुसलं होतं. १२ ऑगस्ट १९१४ च्या अंकात एफ. एच. टाउनसेंडने बेल्जियम म्हणजे फाटकासमोर काठी घेऊन उभा राहिलेला छोटा पोरगा दाखवला, फाटकावर 'रस्ता बंद' अशी पाटी, समोर सोटा घेतलेला जाडा जर्मन म्हातारा आणि त्याच्या खिशातून लोंबणारी सॉसेजची माळ. ऑक्टोबरमध्ये बर्नार्ड पार्ट्रिजच्या चित्रात कैसर बेल्जियमचा राजा आल्बर्ट याला म्हणतो, बघ, तुझं सगळं गेलं, आणि राजा म्हणतो, माझा आत्मा नाही गेला. सॉसेजवालं चित्र हसवतं, दुसऱ्यात हसायला काहीच नाही, आणि दोन्हींमध्ये फक्त दोन महिन्यांचं अंतर आहे.

युद्धानंतर सिम्प्लिसिसिमस पुन्हा सत्तेवर बोलू लागलं, हिटलरचीही टर उडवली. १९३३ ला ज्यू असलेल्या हाइनेला पळावं लागलं, आधी प्राग, मग ओस्लो, शेवटी स्टॉकहोम, तिथेच तो १९४८ ला गेला. ट्योनी आणि साप्ताहिकाचा आणखी एक चित्रकार ओलाफ गुलब्रान्सन जर्मनीतच राहिले, आणि साप्ताहिक नाझींच्या मुठीत त्याच नावाने १९४४ पर्यंत निघत राहिलं.